सीताफळांना जागा हवी होती

आश्विन उतरणीला लागला की मला राग येऊ लागतो. नांदुऱ्यातल्या आमच्या घरासमोरून कापसाच्या गाड्या सरकी काढायच्या जिनकडे जायला लागतात, रस्त्याकडेच्या बाभळींना पांढरे पुंजके लोंबू लागतात, शाळेची सहामाही संपून पोरं दप्तरं भिरकावतात, आणि स्टेशनच्या वाटेवर सीताफळांच्या टोपल्या येऊन बसतात. खाली पळसाची पानं, वर डोळे पडलेली फळं. माणसं थांबतात, दाबून बघतात, पिशव्या भरून नेतात. मी रस्ता ओलांडून पलीकडून जाते. शेजारीण विचारते, "मॅडम, तुमाले सीताफळ आवडत नाही काय?" मी सांगते, पित्त होतं. पित्त होत नाही. राग येतो. हवा इतकी निर्मळ असते, तुरीला पिवळी फुलं आलेली असतात, ज्वारीची कणसं दुधात असतात, सगळा जिल्हा कसा धुऊन वाळत घातल्यासारखा दिसतो, आणि माझ्या तोंडात कडू पाणी येतं.

महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. बाबा बांधकाम खात्यात ओव्हरसियर होते आणि आम्ही देऊळगाव राजाला राहत होतो. कचेरीतल्या फायलींवर अजून जुन्या राज्याचे शिक्के होते, पण साहेब नवे होते. ते पुण्याकडचे. बुलढाण्याला राहायचे, महिन्यातून एकदा रस्ते बघायला यायचे. साहेब येणार म्हटलं की घरातली भाषा बदलायची. एरवी बाबा अंगणात बसून "सुमे, मले पानी आन वं" म्हणणारे; साहेबांपुढे त्यांच्या तोंडून "मला", "आपण", "कृपया" असले शब्द निघायचे. आदल्या दिवशी मला समोर उभं करून ते घोकून घ्यायचे. मले नाही, मला. काऊन नाही, का. मायला माय म्हणायचं नाही, आई म्हणायचं. मी तेरा वर्षांची होते. मायला आई म्हणताना मला वाटायचं, मी शेजारच्या कुणालातरी हाक मारते आहे. माय हसायची आणि ओ द्यायची नाही. पुढे मी मराठीचीच मास्तरीण झाले आणि आता हे सगळं "मला" आणि "का" करून लिहिते आहे. शिकवलेलं अंगी लागतं.

आमच्याकडे दोन कुत्री होती, दोन्ही गावठी. भुऱ्या लांडग्याच्या रंगाचा, उंच, एक कान अर्धा तुटलेला. तांबडी त्याच्याहून लहान, शहाणी, पुढचे पाय जुळवून बसायची. कुत्री आमची म्हणायची, पण खरं तर ती बाबांची. बाबा सायकलीवर कामाच्या जागी निघाले की भुऱ्या मागून धावायचा, तीन-तीन कोस, आणि संध्याकाळी तसाच धावत परत यायचा. तांबडीला बाबांनी "बस" शिकवलं होतं. ते बस म्हणाले की बाबा स्वतः "चल" म्हणेपर्यंत ती जागची हलत नसे. एकदा ते विसरून आत जेवायला गेले, तर ती उन्हात दुपारभर बसून राहिली. बाबांनी मग तिच्यापुढे उकिडवं बसून तिचं डोकं दोन्ही हातांनी चोळलं होतं. हे मी लिहिते आहे, कारण बाबा कठोर माणूस होते असं कुणी समजू नये. कठोर असते तर बरं झालं असतं.

त्या दिवाळीच्या सुट्टीत साहेबांनी लोणारला जायचं ठरवलं. त्यांना पायी भटकायची फार हौस होती. तळ्याच्या काठाकाठाने फिरायचं, डोंगरकडा चढायचा, तीन दिवस डाकबंगल्यात मुक्काम. बाबांना म्हणाले, तुम्हीही घरची मंडळी घेऊन चला, आणि तुमची ती कुत्री आणा, त्यांना रानाची सवय आहे, आमच्या रेक्सलाही सोबत होईल. रेक्स म्हणजे साहेबांचा अल्सेशियन. बाबांना इतका आनंद झाला होता की त्यांनी दोन्ही कुत्र्यांना साबण लावून आंघोळ घातली.

जीप साहेब स्वतः चालवायचे. शेजारी बाईसाहेब. मागे बाबा, माय, मी, तीन कुत्री, वळकट्या, स्टोव्ह, डबे. सिंदखेड राजा मागे पडलं, बीबीला चहा झाला, आणि मग लोणारचा कच्चा रस्ता सुरू झाला. धक्क्याने माझं डोकं छताच्या लोखंडाला आपटत होतं आणि मी हसत होते. रेक्स ओकला, आणि तांबडीने ते शांतपणे बघितलं. माय पदराने नाक झाकून मला म्हणाली, "साहेबाचं कुत्रं बी आपल्यासारखंच ओकते, पाह्य." बाबांनी तिच्याकडे डोळे वटारले. ही आमची पहिली सहल. नंतर दुसरी झाली नाही.

तळं पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी मायचा पदर धरला. आपण सपाट जमिनीवरून चालत असतो आणि अचानक पुढे जमीनच नाही. खाली एवढी मोठी गोल वाटी, तिच्या तळाशी हिरवं, दाट, न हलणारं पाणी. खाली उतरायला पायवाट होती, दोन्ही बाजूंनी सीताफळी आणि बाभळी. मोर ओरडायचे. वानरं फांद्यांवरून कुत्र्यांना चिडवायची. काठावर चिखलाला पांढरा पापुद्र्यासारखा क्षार धरलेला, त्याच्यावर भुऱ्याच्या पावलांचे ठसे उमटत जायचे. पाण्याला असा उग्र वास की डोळे चुरचुरायचे. मायने त्या पाण्यात हातरुमाल चोळला तर साबण न लावता फेस आला. तिने तो फेस माझ्या नाकाला लावला. रानात पडलेल्या जुन्या देवळांमधून आम्ही रोज सकाळी काठाने पूर्ण फेरी मारत असू. पुढे साहेब काठी घेऊन, मग रेक्स, मग बाईसाहेब, मग बाबा. बाबांच्या खांद्याला साहेबांचा थर्मास. साहेब काही बोलले की बाबा दोन पावलं पळत पुढे जायचे, हसायचे, आणि पुन्हा मागे व्हायचे. तीन दिवस मी ती दोन पावलं बघितली. तेव्हा मला त्यांची लाज वाटली नाही, हे खरं सांगते. मला वाटलं, मोठ्या माणसांबरोबर असंच चालायचं असतं.

निघायच्या सकाळी डाकबंगल्याच्या ओसरीवर सीताफळांच्या चार टोपल्या येऊन पडल्या होत्या. बाबांनी साहेबांसाठी मुद्दाम उतरवून घेतलेल्या. जीप भरली. एवढ्या मोठ्या टोपल्या, त्यात रेक्सच्या पायात काटा मोडलेला, त्याला आडवं निजायला जागा हवी. बाबा ओसरीच्या टोकाला साहेबांशी काहीतरी बोलले. आम्हाला ऐकू आलं नाही. निदान मला नाही. मग ते आमच्याकडे आले आणि म्हणाले, "साहेब म्हणतात, कुत्री इथंच राहू द्या. खानसामा सांभाळेल. पुढच्या आठवड्यात खडीच्या ट्रकवर येतील." बाबांनी तांबडीला पायरीपाशी नेलं आणि म्हणाले, "बस." ती पाय जुळवून बसली. भुऱ्याला खानसाम्याने दोरीने खांबाला बांधलं. तरी तांबडीची शेपटी हलत होती. तिला वाटत होतं, हा खेळच आहे.

जीप फाटकाबाहेर पडली आणि थोड्या वेळाने मला मागच्या ताडपत्रीच्या फटीतून धुळीत भुऱ्या दिसला. गळ्यात तुटकी दोरी. त्याला सायकलीमागे धावायची सवय; त्याला वाटलं असेल आजही तेच काम आहे. तो भुंकत नव्हता. मान खाली घालून मन लावून धावत होता.

मी म्हणाले, "बाबा, भुऱ्या पळून राह्यला मांगं."

बाबा म्हणाले, "हळू बोल."

एवढंच. भुऱ्या मेला तरी चालेल असं ते म्हणाले नाहीत, गप्प बस असंही म्हणाले नाहीत. हळू बोल, म्हणजे पुढे ऐकू जायला नको. आणि मी हळू बोलले. मग बोललेच नाही. या गोष्टीत मी कुणाकुणावर चिडते, त्यांत ती तेरा वर्षांची मुलगी आहेच. तिने किंचाळायला हवं होतं. तिने टोपली लाथेने उलटवायला हवी होती. ती टोपली मांडीवर सांभाळून बसली, कारण वरची फळं घरंगळत होती. एका वळणावर खडी फोडणाऱ्या बायका उभ्या राहून हात हलवत होत्या, ओरडत होत्या. धूळ त्यांच्यावर बसली आणि त्या दिसेनाशा झाल्या. भुऱ्याही.

बीबीला साहेबांनी चहासाठी जीप थांबवली. माय खाली उतरली, आपलं गाठोडं काढलं, माझा दंड धरून मला उतरवलं, आणि बाईसाहेबांपुढे जाऊन स्वच्छ पुणेरी मराठीत म्हणाली, "इथे माझं माहेर आहे. आम्ही दोघी इथेच राहतो. तुम्ही व्हा पुढे." मायचं माहेर मेहकरकडे. बीबीत आमचं काळं कुत्रंही नव्हतं. बाबा हातात कपबशी घेऊन उभे होते. साहेबांसमोर त्यांना विचारता येईना आणि अडवताही येईना. बाईसाहेब म्हणाल्या, "वा, सावकाश या हं." जीप गेली.

मायने पदर खोचला आणि आलो त्याच रस्त्याने परत चालू लागली. "चाल," म्हणाली, "ऊन व्हायच्या आत."

आम्ही चाललो. रस्त्याच्या दोन्हीकडे ज्वारी डोक्याच्या वर गेलेली, वारा आला की पानं सळसळायची आणि मला प्रत्येक वेळी वाटायचं भुऱ्या आला. मायच्या चपलेचा अंगठा तुटला, तिने चपला गाठोड्यात टाकल्या. उन्हं डोक्यावर आली तेव्हा ते वळण आलं. खडीच्या ढिगांमागे दोन-तीन झोपड्या होत्या आणि एका झोपडीच्या सावलीत भुऱ्या आडवा पडला होता. चारही तळवे सोललेले, कुणीतरी चिंध्या बांधलेल्या. मला बघून तो उठायला गेला आणि पडला. मी त्याच्या मानेत तोंड खुपसलं.

झोपडीतून एक बाई आली. काळी, काटक, हाताला फोड आलेले. कौसाबाई तिचं नाव. खडी फोडायला होती, म्हणजे बाबांच्याच कामावर.

"कुत्रं तुमचं हाये का बाई?"

"हाव," माय म्हणाली.

"काऊन सोडलं मंग?"

माय वाकून भुऱ्याच्या पायाची चिंधी नीट करू लागली. कौसाबाईच म्हणाली, "आमी हाका देल्ल्या जीपले. आमाले वाटलं, पडलं असन गाडीतून. मांगं बसलेल्या मानसानं पाह्यलं माह्याकडं. चांगलं पाह्यलं. मंग तोंड फिरवलं." तिला माहीत होतं तो माणूस कोण ते. दर आठवड्याला हजेरी घ्यायला येणारा माणूस ती ओळखणार नाही होय. पण तिने नाव घेतलं नाही आणि मायनेही घेतलं नाही. दोघी भुऱ्याकडे बघत राहिल्या.

मग कौसाबाई म्हणाली, "पानी देऊ का? आमी बुद्धाचा धर्म घेतेल हाये बाई, आधीच सांगते. मंग मनू नका."

बाबा कामावर जाताना घरून सुरई नेत. मजुरांच्या माठाला त्यांनी कधी हात लावला नाही. मायने तांब्या घेतला, तोंडाला लावला, घटाघटा प्याली आणि उरलेलं मला दिलं. "लय तहान लागली होती," एवढंच म्हणाली. कौसाबाईने आम्हाला भाकरी आणि ठेचा दिला. भुऱ्याला आधीच अर्धी भाकरी घातलेली होती. तिच्या घरात त्या दिवशी किती भाकऱ्या होत्या ते मी नंतर, मोठी झाल्यावर, मनात मोजलं आणि मोजून संतापले.

भुऱ्याला तिच्याकडे ठेवून आम्ही एका गाडीवानाच्या गाडीत बसून लोणारला पोचलो. पायरी रिकामी होती. खानसामा करीमचाचा कपाळाला हात लावून म्हणाला, "दुपारपर्यंत बसली होती, अम्मा. मी भाकर दिली, शिवली नाही. मग उठली आणि खाली गेली. तुमची रोजची वाट ना ती. तुम्हाला शोधायला गेली असंल."

दोन दिवस आम्ही तळ्याभोवती फिरलो. तीच पायवाट, तीच देवळं, तोच पांढरा क्षार. त्याच्यावर एके ठिकाणी लहान पावलांचे ताजे ठसे होते, पाण्याच्या कडेने गेलेले, पुढे दगडांत नाहीसे झालेले. माय काठावर उभी राहून हाका मारत होती. ज्या बाईचा आवाज आमच्या स्वयंपाकघराच्या बाहेर कधी गेला नव्हता, ती "तांबडे, ये वं" म्हणून अशी ओरडत होती की समोरच्या कड्यावरून तिचाच आवाज परत यायचा आणि वानरं गप्प व्हायची. दुसऱ्या दिवशी तिचा घसा बसला, तेव्हा तिने मला ओरडायला लावलं. मी ओरडले. आता माझा आवाज फुटत होता. आता पुढे कुणी बसलेलं नव्हतं.

तांबडी सापडली नाही. कुणी म्हणालं बिबट्या, कुणी म्हणालं मेंढपाळांनी नेली असेल. माहीत नाही. ती उठली, एवढंच मला माहीत आहे. आयुष्यात पहिल्यांदा "चल" म्हटल्याशिवाय उठली.

भुऱ्याला घेऊन आम्ही चालत घरी आलो. एस.टी.त कुत्रं घेत नाहीत. काही वाट बैलगाडीत, काही पायी, तो लंगडेल तसं थांबत. तीन दिवस लागले. माय रस्त्याने मला झाडांची नावं सांगत होती, तिच्या लहानपणीच्या गोष्टी सांगत होती, ज्या घरात तिने कधी सांगितल्या नव्हत्या. शेतात माणसं हुरड्याला अजून वेळ आहे म्हणत आणि तुरीच्या कोवळ्या शेंगा हातावर ठेवत. दुःख होतं, पाय सुजले होते, आणि तरी ती माझी खरी सुट्टी. याचाही राग येतो. चांगलं ते एवढंच मिळालं आणि ते अशा किमतीला मिळालं.

घरी बाबा ओट्यावर बसले होते. भुऱ्या त्यांच्याकडे गेला, लंगडत, शेपटी हलवत. बाबांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि मायकडे न बघता म्हणाले, "साहेबानं सांगितलं म्हून. मी काय करू?" माय चुलीकडे गेली. त्यानंतर ती त्या जीपमध्ये कधी बसली नाही. बाजारातून दोन्ही हातांत पिशव्या घेऊन यायची, साहेबांच्या दौऱ्याच्या दिवशी मागून बाबा त्यांच्या जीपमधून यायचे, उतरून म्हणायचे, बस. ती चालत राहायची.

मी साहेबाचा द्वेष केला. असा केला की त्यात माझं तारुण्य गेलं म्हटलं तरी चालेल. पुणेरी बोलणं ऐकलं की मी तिथून उठून जायची. बदल्या होत गेल्या, बाबा निवृत्त झाले, माय आणि ते माझ्याकडे नांदुऱ्याला राहायला आले. शेवटची दोन वर्षं बाबा अंथरुणाला होते. मी त्यांना चमच्याने भरवलं, त्यांचे पाय चेपले. कधी लोणारचा विषय निघाला की मी साहेबाला शिव्या द्यायची, एका माणसाने आमच्या घराची कशी माती केली म्हणायची, आणि बाबा डोळे मिटून मान हलवायचे. साहेब गेल्याची बातमी वर्तमानपत्रात वाचली तेव्हा मला बरं वाटलं होतं. तेही मी बाबांना वाचून दाखवलं. त्यांनी मान हलवली.

बाबा गेल्यावर वर्षभराने जालन्याला एका लग्नात बाईसाहेब भेटल्या. केस पांढरे झालेले, चेहरा तसाच मऊ. त्यांनी मला ओळखलं. "तू सुमन ना, ओव्हरसियरांची? तुझी आई बीबीला माहेरी उतरली होती ती आठवते मला. आणि ती तुमची दोन कुत्री, किती गुणी होती गं. आमचे हे किती सांगत होते तुझ्या वडिलांना, की टोपल्या राहू द्या, कुत्री घ्या. ते ऐकेचनात. म्हणाले, साहेब, गावठी कुत्री आहेत, येतील आपली चालत, फळं खराब होतील. आणि बघ, बुलढाण्याला पोचेपर्यंत निम्मी सीताफळं पिचली होती. सगळी गड्याला देऊन टाकली."

अक्षता हातात तशाच राहिल्या. कळलं ते हे, की माझ्याकडे एवढा मोठा राग होता, इतकी वर्षं पोसलेला, आणि तो चुकीच्या घरी नेऊन टाकला होता. ज्याच्या दारात टाकायचा तो माणूस वर्षभरापूर्वी माझ्याच हातून पाणी पिऊन गेला होता. त्याला कुणी भाग पाडलं नव्हतं. साहेबाने म्हणायच्या आधी करून ठेवायची त्याला सवय लागली होती, आणि या वेळी तर साहेब उलटंच म्हणत होता. तरी त्याने केलं.

घरी आले तेव्हा माय परातीत मेथी निवडत होती. मी उभ्याउभ्याच तिला सगळं सांगितलं. ती निवडत राहिली.

"तुला माहीत होतं?"

"मी वसरीवरच होती ना. ऐकलं म्या."

"मग इतकी वर्षं सांगितलं का नाहीस? मी त्या माणसाला शिव्या देत होते, तू ऐकत होतीस."

"सांगितलं असतं तर तुले बाप राह्यला नसता," माय म्हणाली.

मला तिचाही राग आला. इतका, की परात लाथेने उडवावीशी वाटली. मी म्हणाले, "आणि तुला? तुला नवरा राहिला?"

तिने एक जून काडी मोडून बाजूला टाकली.

"मी बीबीले उतरली ते उतरलीच, बाई," ती म्हणाली. "तो पुढं गेला."